येळवशीला लेकरं घेऊन

शनिवार, 28 डिसेंबर 2024

येळवशीसाठी माहेरी, लातूरकडं निघालो. पहाटे पाचला पुण्यातलं हडपसर सोडलं. दोन्ही लेकरं पांघरुणासकट उचलून गाडीत ठेवली. थोरली साडेसहा वर्षांची, धाकटा अडीच. लहान लेकरांना घेऊन सव्वातीनशे किलोमीटर जायचं तर निम्मा रस्ता त्यांच्या झोपेत सरला पाहिजे. हे मला मागच्या खेपेनं शिकवलं.

मागची खेप म्हणजे दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. तेव्हा चार दिवसांत नऊ घरं केली. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी पाया पडणं, प्रत्येक घरी एक लाडू जबरदस्तीनं तोंडात. थोरली तिसऱ्या दिवशी दारातच बसून राहिली, आत यायलाच तयार नाही. धाकटा तेव्हा चार-पाच महिन्यांचा, हातोहाती फिरून नुसता रडत होता. परतताना दोघंही तापानं फणफणलेली. त्याच वेळी ठरवलं, यापुढं एका दिवशी एकच घर. कोण रुसलं तर रुसलं.

म्हणून या वेळी निघण्याआधी यादी केली आणि त्यातली नावं खोडत गेले. खोडताना नवऱ्यानं विचारलं, "मोठीआईंचं पण?" मोठीआई म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. लातूरला मुलाजवळ राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हणाले, "येळवशीला रानात भेटेलच की. सगळेच येतात." आणि तेही नाव खोडलं.

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिव भागात दिवाळीपेक्षा हिचं कौतुक जास्त. त्या दिवशी घरात कुणी जेवत नाही. अख्खं गाव रानात जातं, शहरात राहणारे कुणाच्या ना कुणाच्या शेतावर पोचतात, ज्याला शेत नाही त्याला आग्रहानं नेलं जातं. लातूर जिल्ह्यात तर सुट्टीच असते. या वर्षी ती सोमवारी आली, नाताळच्या सुट्टीत. लेकरांची शाळा न बुडवता येळवस मिळणं हे दरवर्षी होत नाही.

भिगवणजवळ उजाडलं. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं. टेंभुर्णीला हायवे सोडून कुर्डुवाडीकडं वळलो आणि एका झाडाखाली धपाटे-दही खाल्लं. माझी तिथंच चूक झाली. दही थोरलीला द्यायला नको होतं. बार्शीच्या अलीकडं तिनं सगळं उलटून टाकलं. गाडीत जुना टॉवेल, पाण्याची मोठी बाटली आणि कपड्यांचा एक जोड हाताशी ठेवला होता, डिकीत नाही. एवढ्या एका गोष्टीमुळं रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत आवरलं.

वडील नेहमी सांगतात की त्यांच्या तरुणपणी याच पट्ट्यात कुर्डुवाडीहून लातूरला छोटी रेल्वे धावायची, बार्शी लाईट. अरुंद रूळ आणि बैलगाडीची चाल. आता तो मार्ग रुंद झालाय आणि मुंबईहून थेट लातूरला रात्रीची गाडी येते. आम्ही तिनंच येणार होतो, पण पुण्यात ती मध्यरात्री येते. झोपलेली दोन लेकरं आणि चार बॅगा घेऊन फलाटावर उभं राहायचा धीर झाला नाही.

येडशीचा घाट ओलांडला. रामलिंगच्या दरीत उतरायचा मोह झाला, पण तिथली माकडं पाहून लेकरं तासाभरात परत निघणार नाहीत हे माहीत होतं, आणि धाराशिवला मैत्रीण जेवायची थांबली होती.

ही माझी वसतिगृहातली मैत्रीण. खोलीत एकच स्टोव्ह, त्यावर दोघींची पिठलं-भाकरी. तिचा मुलगा सात वर्षांचा. दोन्ही पोरं पहिला तासभर एकमेकांकडं पाठ करून बसली. आम्ही दोघींनीही त्यांना "खेळा की रे" म्हटलं नाही. ते ठरवूनच. चार वाजता बघितलं तर दोघं गच्चीत पाण्याच्या टाकीमागं होती आणि धाकटा त्यांच्या मागं धावत होता. रात्री तिनं कुंथलगिरीचा पेढा काढला. तो खव्याचा खरपूस वास पुण्यात कुठल्याच पेढ्याला येत नाही. लेकरं झोपल्यावर आम्ही एकपर्यंत बोलत बसलो. एका दिवशी एकच घर धरलं की हे मिळतं. दुसरीकडं जायची घाई असती तर आम्ही फक्त पोरांच्या वजनावर बोलून उठलो असतो.

रविवार, 29 डिसेंबर

निघताना तेरला थांबलो. सातवाहनांच्या काळात हे मोठं व्यापारी गाव होतं, नाव तगर. इथला माल भडोचच्या बंदराला आणि तिथून पार रोमपर्यंत जायचा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय इथं आहे, पण धाकटा नेमका झोपला होता म्हणून ते राहिलं. विटांचं त्रिविक्रमाचं जुनं देऊळ बाहेरून पाहिलं आणि तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या मंदिरात गेलो.

लहानपणी इथं आले तेव्हा ती गोष्ट नुसती ऐकली होती. गोरोबा चिखल तुडवतायत, मुखी विठ्ठल, रांगतं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळत नाही. पुढं विठ्ठल ते मूल परत देतो. आज धाकट्याला कडेवर घेऊन उभी होते आणि गोष्टीतल्या त्या आईपाशीच माझं मन अडकून राहिलं. ती पाणी आणायला गेली होती. थोरलीनं विचारलं, "आई, इथं काय झालं?" मी सांगितलं, की एक मूल हरवलं होतं आणि मग सापडलं. बाकीचं ती मोठी झाल्यावर.

ढोकी, मुरूड करत लातूर. येळवशीच्या आदल्या दिवशीची गंजगोलाई लेकरांना दाखवायचीच होती. मध्ये देवीचं देऊळ आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या दिवशी प्रत्येक रस्त्यावर भाजीचे ढीग होते. हरभऱ्याचा पाला, चुका, चाकवत, मेथी, पातीचा कांदा, गाजरं, वालाच्या, वाटाण्याच्या आणि तुरीच्या शेंगा, बोरं, चिंच. हे सगळं एकाच पातेल्यात जाणार होतं. थोरलीनं मातीचं बोळकं हातात घेतलं ते सोडेना. दोन घेतली, एक तिला आणि एक पुजेला.

मोठीआईचं घर गोलाईपासून गाडीनं दहा मिनिटांवर. नवऱ्यानं गाडी हळू केली, माझ्याकडं बघितलं. धाकटा किरकिरत होता, उन्हं कलली होती, गावी आई वाट बघत होती. मी म्हणाले, "चला." औशाचा रस्ता धरला.

घरी पोचलो तर अंगणात पाच-सहा बायका भाज्या निवडत होत्या. त्यातल्या एकीनं मान वर न करता विचारलं, "कवा निघालाव?" दुसरी म्हणाली, "लेकरू वाळलंय की गं." आई उठली, भाकरतुकडा ओवाळून टाकला. लेकरांना पाया पडायला कुणी लावलं नाही. मी आधीच फोनवर आईला सांगून ठेवलं होतं. पाया पडणं वाईट म्हणून नव्हे. गाडीतून उतरल्या-उतरल्या पंधरा अनोळखी पायांपुढं उभं केलं की लेकराला ती माणसं परीक्षेसारखी वाटतात. त्याला सावकाश कळू द्यावं कोण कोण आहे.

सोमवार, 30 डिसेंबर. येळवस

रात्री दोनला जाग आली ती चुलीच्या धुरानं. आई, काकू, वहिनी तिघी चुलीपुढं. बाजरीचे उंडे वळून झाले होते, गव्हाची खीर शिजत होती, तिळाच्या पोळ्यांचा ढीग लागला होता. आंबील रात्रीच लावलेलं. ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलेलं, त्याला लसूण, आलं, हिरवी मिरची, जिरं. मी पदर खोचून बसले, मला शेंगा सोलायचं काम दिलं. भज्जी, म्हणजे त्या सगळ्या पाल्या-शेंगांची डाळीच्या पिठातली भाजी, मात्र काकूशिवाय कुणी करत नाही. डाळीचं पीठ किती आणि आंबटपणा किती, हे तिच्या हातालाच ठाऊक.

सकाळी वहिनीनं आंबिलाचा बिंदगा डोक्यावर घेतला. बाकी सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर लेकरं. रानात शाळू छातीएवढा उभा होता, हरभरा घाट्यावर, करडई अजून काट्यात शिरायची होती. आदल्या दिवशीच भावानं कडब्याच्या पेंढ्या लावून कोप, म्हणजे खोप, केली होती. आत चुना लावलेले पाच पांडव, म्हणजे पाच दगड. शेजारी लक्ष्मी. कोपीवर नवी शाल. पूजा झाली, नैवेद्य झाला. मग भाऊ आंबील घेऊन उभ्या पिकाला शिंपत निघाला. मागून वडील आणि सगळी पोरं ओरडत, "ओलगे ओलगे सालम पलगे!" या शब्दांचा अर्थ मी लहानपणी विचारला होता, तेव्हा वडील म्हणाले होते की शेजारच्या कानडी मुलखातून आलेत. थोरलीनं अर्थ विचारलाच नाही. दुसऱ्या फेरीला तिचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

उघड्या विहिरीबद्दल मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. आमच्या विहिरीला कठडा नाही. भावानं तोंडाशी कडब्याच्या पेंढ्या आडव्या रचल्या, वर पाळी लावली. दर तासाला एक मोठा माणूस विहिरीकडं तोंड करून बसणार, बाकी काही करणार नाही. कुणी हसलं नाही. उलट तिसरी पाळी एका म्हाताऱ्या मामांनी आपणहून मागून घेतली. लेकरं रानात मोकळी सोडायची असतील तर एवढं करावंच लागतं.

दुपारपर्यंत चाळीसेक माणसं झाली. आत्या, तिच्या सुना, भावाचे मित्र, लातूरच्या एका शाळेतले दोन गुरुजी ज्यांचं इथं कुणीच नाही. ज्या घरांची नावं मी यादीतून खोडली त्यातली बहुतेक सगळी माणसं आमच्या बांधावर येऊन बसली होती. दिवाळीत त्यांच्या सोफ्यावर अवघडून बसलेली माझी पोरगी आता त्यांच्याच पोरांबरोबर बोरीच्या झाडाखाली होती. तिनं कुणाचंही नातं विचारलं नाही. संध्याकाळी एकदम तीन-चार नावं सांगितली, "ही मला बोरं देते, ती देत नाही," अशी ओळख करून.

जेवायला पत्रावळी. धाकट्याला भज्जीतले शेंगदाणे आणि हरभरे बोटानं चुरडून दिले, एवढ्या लहान पोराच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो. आंबील त्यानं वाटीनं तीनदा मागून घेतलं. दुपारनंतर आगटी पेटवली. हुरडा नुकता भरायला लागला होता, भावानं शोधून शोधून पन्नासेक कणसं आणली. भाजलेलं कणीस पोत्यावर चोळायचं, पाखडायचं, गरम गरम ओंजळीत. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ.

मोठीआई आली नाही. तिचा मुलगा आला, दादा. हातात शेंगापोळ्यांचा डबा आणि एक कापडी पिशवी. "आईला जिना उतरायला जमंना. गुडघे लईच." पिशवीत थोरलीसाठी फ्रॉक होता, पिवळा, मापाला अगदी बरोबर. मी विचारलं, माप कसं कळलं? दादा म्हणाला, "फोटोवरून काढलं तिनं." मग पाणी पिऊन झाल्यावर, माझ्याकडं न बघता, "काल गोलाईत आलावता म्हणं."

मी काही बोलले नाही.

अंधार पडल्यावर हेंडगा. कडब्याची पेटती पेंढी घेऊन भाऊ बांधाबांधानं पळाला, लांबच्या रानांमधून तसेच जाळ पळताना दिसत होते. थोरली वडिलांचं बोट धरून उभी होती. ती एकदम गप्प होती.

मंगळवार, 31 डिसेंबर

रात्री धाकट्याचं पोट बिघडलं. आंबील जास्त झालं, आणि हात धुवायला आम्ही कमी पडलो असणार. ओआरएसची पुडी बॅगेत होती. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ती पूर्ण मिसळून चमच्या-चमच्यानं देत राहिले. ताप नव्हता, लघवी होत होती, म्हणून सकाळपर्यंत घरीच थांबलो. अकरापर्यंत तो मऊ भात खाऊन पुन्हा नळाशी पाणी खेळायला लागला. आईनं नळ बंद केला. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून वाहता नळ तिला बघवत नाही.

औशाचा किल्ला बघायचा बेत रद्द केला.

दुपारी वडील थोरलीला म्हणाले, "चल, जुनं गाव दाखवतो." मीही निघाले. आमचं आत्ताचं गाव म्हणजे नवं गाव, सरळ रुंद रस्ते, सारखी घरं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर जी 52 गावं नव्या जागी वसवली त्यातलं हे एक. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं झोपेतल्या माणसांवर बसली.

जुन्या गावात आता बाभळी आहेत. मध्ये दगडांचे ढीग, एखादी पायरी, एक रांजण अर्धा पुरलेला. वडील न चुकता चालत होते, जणू गल्ल्या अजून आहेत. एका ठिकाणी थांबले. "हा आपला वाडा." मी तेव्हा चार वर्षांची. त्या रात्री आई-वडिलांबरोबर मी मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, म्हणून आहे. मोठीआई ओसरीवर झोपली होती, ती वाचली. तिची मुलगी, आमची ताई, गणपती बघून दमून आत आजीपाशी झोपली होती.

वडिलांनी हे थोरलीला साध्या शब्दांत सांगितलं, मी अडवलं नाही. तेरला जे लपवलं ते इथं लपवता आलं नसतं. तिनं विचारलं, "ताई केवढी होती?"

"सात वर्षांची."

"मग ती माझी कोण?"

"मावशी."

"सात वर्षांची मावशी?"

वडील म्हणाले, "व्हय."

ती त्या पायरीवर थोडा वेळ बसली. मग उठून रांजणात डोकावली, आत काही नव्हतं. घरी येताना मी नवऱ्याला फोन लावला, "उद्या आधी लातूरला जायचं."

बुधवार, 1 जानेवारी 2025

सकाळी नऊला निघालो. आईनं उंडे, शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, पाच किलो ज्वारी बांधून दिली. थोरलीला पिवळा फ्रॉक घातला.

तीन जिने. धाकटा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढला, त्याला उचललेलं चालेना. दार उघडंच होतं, मोठीआई खुर्ची दारात घेऊन बसलेली. माझ्याकडं बघून म्हणाली, "माझ्या दारावरून गेलाव की गं परवा."

"चुकलं माझं," मी म्हणाले. मी कारण सांगितलं नाही. लेकरू रडत होतं, हे खरं होतं, पण ते कारण नव्हतं. मला दोन तास वाचवायचे होते.

"बस." मग थोरलीला जवळ ओढलं, फ्रॉकची शिवण खांद्यापाशी चाचपली, आत किती कापड ठेवलंय ते उलटून दाखवलं. "पुढल्या साली उसवून वाढवता येतं."

आत गेली, भिंत धरत. एक लहान पातेलं घेऊन आली. भज्जी होती. येळवशीला घरात कुणी जेवत नाही, पण सगळे रानात गेल्यावर तिनं गॅसवर वाटीभर डाळीच्या पिठाची भज्जी एकटीसाठी केली होती आणि त्यातली निम्मी लेकरांसाठी फ्रिजमध्ये ठेवली होती. शिळी भज्जी जास्त लागते हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. थोरलीनं उंडा मोडून त्यात बुडवला आणि सगळं संपवलं. पोटाचं बघून धाकट्याला नुसता भात दिला, ते मोठीआईला पटलं नाही, तरी तिनं ऐकलं.

आम्ही दुपारी बारापर्यंत थांबणार होतो, तीन वाजले. धाकटा तिच्या पलंगावर झोपला. थोरलीनं तिला सोमवारचं सगळं सांगितलं, पाळ्या, बोरं, हेंडगा. कालचं काहीच सांगितलं नाही. मोठीआईनंही विचारलं नाही की काल कुठं गेला होतात.

भिंतीवर नवं कॅलेंडर त्याच दिवशी लावलं होतं. मोठीआई थोरलीला म्हणाली, "ते काढ खाली. शेवटचं पान बघ. डिसेंबर." थोरलीनं पानं उलटली. "काळा गोल कुठं हाय?"

"एकोणीसवर. शुक्रवार."

"पेन आण."

"पण आज्जी, त्या दिवशी माझी शाळा असणार."

मोठीआईनं माझ्याकडं बघितलं. मी पर्समधून पेन काढून थोरलीच्या हातात दिलं.